सव्वीस तारखेचा नाताळ

निवेदिता टिपणीसला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नंतर कुणी म्हणायला नको, की बाई आतल्या गाठीची निघाली. बर्मिंगहॅममधल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावर रक्त तपासायची लॅब आहे, तिथे ती बावीस वर्षं काम करते. दिवसभर कानावर मशीनची घरघर असते. घरी यावं तर नवरा, जयंत, टीव्ही लावून बसलेला. त्यात आणखी गाणी कुठे ऐकायची? स्वयंपाकघरातला रेडिओसुद्धा ती बंद करते आणि म्हणते, मला जरा काहीही न ऐकता कांदा चिरू दे.

अशा बाईनं या डिसेंबरात, ख्रिसमसला कुठलं गाणं पहिलं येणार याच्या पैजेत नाव दिलं, तेव्हा सगळी लॅब चाट पडली.

ही पैज म्हणजे काय भानगड, ते सांगते. या देशात दर शुक्रवारी गाण्यांची क्रमवारी जाहीर होते. त्या आठवड्यात लोकांनी कुठलं गाणं जास्त विकत घेतलं, जास्त ऐकलं, त्यावरून नंबर लागतात. वर्षभर तिकडे पोराटोरांशिवाय कुणी ढुंकून बघत नाही. पण नाताळच्या आधीच्या शुक्रवारी पहिला नंबर कुणाचा, हा मात्र सगळ्या देशाच्या जिव्हाळ्याचा प्रश्न. पैजांच्या दुकानांत भाव लागतात, पेपरात अंदाज येतात, आणि एरवी हवामानापलीकडे काही न बोलणारी माणसं लिफ्टमध्ये अनोळखी माणसाशी वाद घालतात. कधी चाळीस वर्षांपूर्वीचं जुनं गाणं परत वर येतं, कधी कुणी धर्मादाय कामासाठी गायलेलं, तर कधी अगदीच काहीतरी खुळचट.

लॅबमध्ये या अंदाजावर एक सुट्टी ठरते. हॉस्पिटलला नाताळ नसतो, रक्त त्या दिवशीही तपासावं लागतं. पंचवीस तारखेला सुट्टी सगळ्यांनाच हवी, पण थोड्यांना यावंच लागतं. बाकीचं मॅनेजर ग्वेन आपल्या पद्धतीनं जुळवते, आणि शेवटच्या एका जागेसाठी ही पैज असते. ज्याचा अंदाज बरोबर, तो पंचवीसला घरी, पण त्याच्या बदल्यात सव्वीसचा पूर्ण दिवस त्याच्या गळ्यात. ज्याचं गाणं सगळ्यात खाली, तो पंचवीसला कामावर. एकाच गाण्यावर दोघांनी नाव लावायचं नाही. ग्वेनच्या आधीच्या मॅनेजरनं भांडणं मिटवायला ही युक्ती काढली होती, आणि ती चालू राहिली.

निवेदितानं आजवर पैजेत नाव दिलं नव्हतं, कारण तिला गरजच नव्हती. पंचवीस तारखेची ड्यूटी तिचीच असायची. नोकरी लागली त्या पहिल्या डिसेंबरात रोटा, म्हणजे कोण कधी कामावर याचा तक्ता, करताना सगळ्यांची तोंडं सुजलेली बघून ती आपणहून म्हणाली होती, मला काय, आमचा सण नाही, मी करते. तेव्हाच्या मॅनेजरनं तिला मिठीच मारली. बाईला फार बरं वाटलं. परक्या देशात नोकरीला लागल्या लागल्या कुणाच्या तरी उपयोगी पडलो, आणि आपलं काही गेलंही नाही! पुढच्या वर्षी कुणी विचारलंच नाही, तिचं नाव आधीच घातलेलं होतं. त्याच्या पुढच्या वर्षीही. दिवाळीला तुला सुट्टी देऊ म्हणाले होते, ती कधी मिळाली तर कधी माणसं कमी होती. एकदा दिलेलं दान परत मागायचं कसं, हे निवेदिताला कुणी शिकवलं नव्हतं. ती मागत नाही. तिच्या आईचंही तेच होतं.

पण घरात सान्वी होती ना. ती तेव्हा पाच वर्षांची होती, या देशातच जन्मलेली. तिला कुठलं कळणार की हा आपला सण नाही? शाळेत नाताळाच्या नाटकात ती मेंढी व्हायची, घरी कापसाची शेपूट घेऊन यायची. पंचवीसला बाप-लेक सोफ्यावर बसून फ्रिजमधलं गरम करून खायचे आणि आई अंधार पडल्यावर पाय ओढत घरी यायची. सान्वी नऊ वर्षांची असताना निवेदितानं एकदा वचन दिलं होतं, या वर्षी मी घरी. खरंच जमवलंही होतं. आणि नेमक्या पंचवीसच्या पहाटे फोन वाजला. उलट्यांची साथ आली होती, निम्मी माणसं आडवी झाली होती. निवेदितानं कोट चढवला, तेव्हा पोरगी जिन्यात उभी होती, अंगात लाल स्वेटर. रडली नाही. तिची समजूत काढायला निवेदिता म्हणाली, आपला ख्रिसमस उद्या करू हं, सगळ्यांपेक्षा भारी.

तेव्हापासून टिपणिसांकडे नाताळ सव्वीसला. अख्खी कोंबडी आलं-लसूण चोळून ओव्हनमध्ये जायची, बटाट्यांवर मोहरीची फोडणी. टेबलावर ठेवायचे ते क्रॅकर्स, दोघांनी दोन टोकं ओढली की फट्‌ आवाज होऊन आतून कागदी मुकुट निघतो ते, सव्वीसला सकाळीच दुकानात अर्ध्या किमतीला मिळायचे, म्हणून जयंत दोन खोकी आणायचा. मुकुट घालून तिघं पत्ते खेळायचे. पण निवेदिताच्या मनात जिन्यातला तो लाल स्वेटर कायमचा अडकला. मुलीला आपण उष्टा सण दिला, असंच तिला वाटत राहिलं.

सान्वी आता सत्तावीस वर्षांची आहे, लंडनला असते. ऑक्टोबरात तिचा फोन आला. तिला आणि देवला, म्हणजे ज्याच्याशी तिचं ठरलंय त्या मुलाला, न्यूझीलंडमध्ये काम मिळालं होतं. जानेवारीत जायचं. किती वर्षांसाठी ते माहीत नाही. निवेदिता छान छान म्हणाली, अभिनंदन म्हणाली, गरम कपडे तिकडे लागतील का असं काहीतरी निरर्थक विचारलं. फोन ठेवला आणि गॅसवरचं दूध उतू गेलं, तरी ती तिथेच उभी.

त्या संध्याकाळीच तिनं ठरवलं. या वर्षी, निदान या एका वर्षी, पंचवीस तारखेला सकाळी पोरगी उठेल तेव्हा आई घरात असेल.

आता तुम्ही म्हणाल, मग जाऊन ग्वेनला सांगायचं की सरळ. ग्वेन काही राक्षसीण नाही. पण सांगायचं म्हणजे कारण द्यायचं, कारण दिलं की ती रोटा उलटा-पालटा करणार, मग कुणाचं तरी बिनसणार आणि ते आपल्यामुळे. निवेदिताला हा विचारही झेपेना. पैज कशी, तिथे कुणाचे उपकार नाहीत. लागली तर लागली. म्हणून बाई गाण्यांच्या मागे लागली. डोकं धरून बसावं अशी गोष्ट आहे, पण ती अशीच आहे.

घरीही तिनं चकार शब्द काढला नाही. एकदा वचन देऊन मोडलेलं होतं, पुन्हा तोंडघशी पडायचं नव्हतं. जयंतला सांगावं, तर त्याच्या पोटात तीळभर काही राहत नाही.

नोव्हेंबरभर ती कानात प्राण आणून गाणी ऐकत हिंडली. बसमध्ये, कँटीनमध्ये, सुपरमार्केटात दह्याच्या डब्यांसमोर उभी राहून. सगळी सारखीच वाटायची. घंटा वाजतात, कुणीतरी बर्फाबद्दल गातं, कुणीतरी कुणाची तरी वाट बघतं. छप्पन्नाव्या वर्षी हे नसते उद्योग कुणी सांगितले होते, असं तिला दिवसातून दोनदा वाटे. पाय दुखायचे. घरी येऊन कानात इयरफोन लावून बसली की पाच मिनिटांत डोळा लागायचा, आणि जयंत विचारायचा, हे काय नवीन?

लॅबमधले लोक तिला अंदाज सांगायला उत्सुक. ग्वेनचं मत, ते जुनं गाणंच येणार, दरवर्षी डिसेंबरात वर येतं आणि ठाण मांडून बसतं. पैजांच्या दुकानांतही त्याचाच भाव चांगला होता. दुसरा होता पुष्कर, पुण्याहून दीड वर्षापूर्वी व्हिसावर आलेला, बायको तनिषा आणि चार वर्षांची दिया घेऊन. त्यानं एका सुपरमार्केटच्या जाहिरातीतलं गाणं धरलं होतं, ज्यात भाज्या नाचतात. दिया घरभर तेच गाते म्हणाला. पैज म्हणजे त्याला गंमत वाटत होती.

गाणं सांगायची शेवटची मुदत होती नाताळच्या आधीच्या आठवड्यातला सोमवार. रविवारी संध्याकाळी आठवड्याचे पहिले आकडे बाहेर येतात, त्यावरून लोक मन पक्कं करतात. निवेदिता ते आकडे बघत स्वयंपाकघरात बसली होती. जुनं गाणं पहिलं, कुणा गायिकेचं नवं दुसरं, असं खाली खाली. बघता बघता तिच्या हातानं आपोआप मागच्या आठवड्याचे आकडे शेजारी ठेवले. सवयच ती. लॅबमध्ये पेशंटचा आजचा आकडा एकटा कधी बघत नाहीत, शेजारी आधीचा ठेवतात. हिमोग्लोबिन नऊ असेल आणि महिनाभर नऊच असेल, तर घाबरण्यासारखं काही नाही. पण आज नऊ आणि परवा तेरा होतं, तर वॉर्डला ताबडतोब फोन. आकडा किती यापेक्षा तो कुठून आला, हे महत्त्वाचं.

जुनं गाणं जिथे होतं तिथेच होतं. त्याला ना ताप ना थंडी. पण खाली सहाव्या नंबरावर एक गाणं होतं, ते आधीच्या आठवड्यात चाळिसाच्याही पलीकडे होतं. बस ड्रायव्हरांनी म्हटलेलं. इथल्याच डडलीच्या बस डेपोतल्या ड्रायव्हरांनी असाध्य आजाराच्या मुलांना सांभाळणाऱ्या एका हॉस्पिससाठी मदत म्हणून गायलेलं. निवेदितानं ऐकलं. बेसूर होतं, मध्ये एकाला खोकला आलेला तसाच ठेवला होता. तिला वाटलं, हे एवढ्या वेगानं चढतंय, म्हणजे याला काहीतरी झालंय. दुसऱ्या दिवशी तिनं तेच सांगितलं. सगळे प्रेमानं हसले. निवेदितानं बसवाल्यांवर पैज लावली, कारण ती रोज बसनं येते, असं ठरलं.

खरं सांगायचं तर तिचा स्वतःचाही विश्वास नव्हता. तो आठवडा कसा काढला ते तिचं तिला ठाऊक. झोप धड नाही, कामात लक्ष धड नाही. रोज वाटायचं, जाऊ दे मेलं, बावीस वर्षं गेली तसं हेही वर्ष जाईल. आणि रोज बसमध्ये कुणीतरी पुढे जाऊन ड्रायव्हरला म्हणायचं, तुम्ही आहात का हो त्या गाण्यात?

शुक्रवारी संध्याकाळी चहाच्या खोलीत सगळे रेडिओभोवती उभे राहिले. खालून वर नावं वाचत आले. भाज्यांचं गाणं कुठेच नव्हतं, पुष्करनं खांदे उडवले. तिसरं, मग जुनं गाणं दुसरं. ग्वेन म्हणाली, अरे देवा! आणि मग खोकणाऱ्या ड्रायव्हरांचा आवाज खोलीत घुमला. कुणीतरी निवेदिताला मिठी मारली, कुणीतरी डोक्यावर झिरमिळ्या टाकल्या. निवेदिता नुसती उभी होती. तिला बसावंसं वाटत होतं.

ग्वेननं तिथल्या तिथे रोटा फिरवला. निवेदिताला पंचवीसला सुट्टी, सव्वीसचा दिवस तिचा. पंचवीसला पुष्कर. पुष्कर लगेच म्हणाला, काही हरकत नाही, मला काय, मी तसाही ख्रिसमस करत नाही. निवेदिताला आपला पहिला डिसेंबर आठवला. तेच शब्द. ती बोलायला गेली आणि थांबली. तिनं स्वतःला दटावलं, गप्प बस, या वर्षी तरी गप्प बस.

बसमध्ये बसल्यावर मात्र ती एकटीच हसली. खिडकीत स्वतःचं थकलेलं तोंड दिसलं, त्यालाही हसली.

घरी आली, कोटही न काढता जयंतसमोर उभी राहिली आणि सांगून टाकलं. पैज, ड्रायव्हर, पंचवीसची सुट्टी, सगळं. तिला वाटलं होतं, जयंत उडी मारेल. गुडघ्यांमुळे उडी नाही, निदान वाहवा तरी म्हणेल. जयंतनं टीव्ही बंद केला. जयंत टीव्ही बंद करतो म्हणजे काहीतरी बिघडलंय, हे तिला कळलं.

"अगं," तो म्हणाला, "पंचवीसला इथे कुणी नाहीये."

सान्वी पंचवीसला नॉटिंगहॅमला जाणार होती, देवच्या आईवडिलांकडे. त्यांचं मोठं खटलं, काका, मावश्या, पोरं. मुलं न्यूझीलंडला जाणार म्हणून त्यांनी सगळ्यांना बोलावलं होतं. जयंतलाही जेवायला बोलावलं होतं, येताना तो सान्वीला घेऊन येणार होता. निवेदिताची ड्यूटी असणारच, म्हणून तिला कुणी विचारलं नव्हतं. वाईट वाटू नये म्हणून सांगितलंही नव्हतं. सव्वीसचा पूर्ण दिवस सान्वी इथे, आणि सत्तावीसला सकाळी लंडनला परत, घर रिकामं करायला.

निवेदिता कोटासकट सोफ्यावर बसली. सव्वीसला ती लॅबमध्ये असणार होती. सकाळपासून अंधार पडेपर्यंत.

जयंतनं सान्वीला फोन लावला आणि मधे ठेवला. त्यानंच सगळं सांगितलं. सान्वी आधी म्हणाली, मग तूपण चल ना नॉटिंगहॅमला, देवची आई खूश होईल. निवेदिता बरं म्हणाली. वीस माणसांत, परक्या टेबलावर, पण मुलगी समोर दिसेल. हेही काही कमी नाही, अशी ती स्वतःची समजूत घालत होती. तेवढ्यात सान्वीनं विचारलं, पण सव्वीस?

"सव्वीसला मला कामावर जायचंय, बाळा. तसाच नियम आहे."

"आई, तू मला आधी सांगितला का नाही?" सान्वीचा आवाज फाटला. "पंचवीस मला कधीच नव्हता पाहिजे. पंचवीसला मी कुठेपण असते. सव्वीस आपला आहे. मी लहान होती तेव्हा शेजारच्या पोरांचा ख्रिसमस संपलेला असायचा, आणि माझा बाकी असायचा. मला किती भारी वाटायचा माहितीये? तू तो कशाला देऊन टाकलीस?"

निवेदिताला रडू आलं आणि रागही आला, कुणाचा ते तिला सांगता येईना. अठरा वर्षं ती ज्या दिवसासाठी जीव जाळत होती, तो पोरीनं कधी मोजलाच नव्हता. आणि जो दिवस ती भरपाई म्हणून, मान खाली घालून देत होती, तोच पोरीनं धरून ठेवला होता. तो आता आपल्याच हातानं, बस ड्रायव्हरांच्या गाण्यावर लावून, तिनं घालवला होता. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, थांब, बघते काय करता येतं ते.

दुसऱ्या दिवशी पुष्कर कामावर होता. निवेदितानं त्याला चहाच्या खोलीत गाठलं आणि म्हणाली, पंचवीस मला परत दे, सव्वीस तू घे. त्याला वाटलं, बाई त्याच्यासाठी त्याग करतायत. तो ऐकेचना. ताई, तुम्ही जिंकलात, तुम्ही घरी राहा. मला काय, आपला सण थोडाच आहे! तनिषा जरा रुसलीय, दियाच्या मैत्रिणीकडे बोलावलं होतं त्या दिवशी, पण होईल ठीक.

निवेदितानं कप खाली ठेवला.

"पुष्कर, मी बावीस वर्षांपूर्वी इथेच उभी राहून हेच म्हणाले होते. दियाचा सण कोणता ते दिया ठरवेल. तू तिच्या वतीनं नको म्हणू नकोस. आणि मला पंचवीस खरंच हवीय, माझ्यासाठी. सव्वीस घालवून बसलेय मी."

तो म्हणाला, बरं ताई. ग्वेननं डोळे फिरवले, म्हणाली, पैज जिंकून परत देणारी तू पहिलीच, आणि रोटा पुन्हा पहिल्यासारखा केला.

पंचवीसला पहाटे जयंतनं तिला गाडीनं सोडलं, कारण त्या दिवशी बस धावत नाहीत, ड्रायव्हरही घरी असतात. रस्ते ओस. लॅबमध्ये ती आणि आणखी दोघं. रेडिओवर दर अर्ध्या तासानं ते गाणं लागत होतं आणि प्रत्येक वेळी तो खोकला यायचा. वॉर्डमधून रक्ताच्या नळ्या येत राहिल्या, आजारी माणसांना तारीख माहीत नसते. दुपारी नॉटिंगहॅमहून फोटो आला, लांबलचक टेबल, सगळ्यांच्या डोक्यावर मुकुट. सान्वीच्या डोक्यावर नव्हता. खाली लिहिलं होतं, उद्यासाठी ठेवलाय. निवेदितानं रेडिओ बंद केला आणि मशीनची घरघर ऐकत ते दोन शब्द पुन्हा पुन्हा वाचले.

सव्वीसला कोंबडी जराशी करपली. निवेदिताला खुर्चीतच डुलकी लागली होती. कुणी काही म्हणालं नाही. जयंतनं सकाळी जाऊन दोन खोकी क्रॅकर्स आणले, फटाफट ओढले गेले, मुकुट घालून पत्ते झाले, जयंतनं नेहमीप्रमाणे चोरून पानं बघितली. मग तो सोफ्यावर आडवा झाला आणि घोरायला लागला. मायलेकी भांडी घासायला उभ्या राहिल्या, एक धुतेय, एक पुसतेय, दोघींच्या डोक्यावर कागदी मुकुट.

सान्वी म्हणाली, पुढच्या वर्षी तू तिकडे ये. सव्वीस तिकडे करू. निवेदिता सवयीनं बोलून गेली, बघू गं, रोटा कसा लागतो, पैजेत नाव देऊन बघते.

"गाण्यावर नको, आई," सान्वी म्हणाली. ताटली पुसता पुसता तिचे डोळे भरले होते. "नुसती माग ना. एकदा नुसती माग."

निवेदितानं नळ बंद केला. तिनं ओल्या हातानं पोरीचा मुकुट सरळ केला.

सत्तावीसला सान्वीला ट्रेनमध्ये बसवून ती तशीच दुपारच्या पाळीला गेली. फलाटावर रडली नव्हती, बसमध्ये थोडी रडली. अंग ठेचल्यासारखं दुखत होतं. कोट काढायच्या आधी ती ग्वेनच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, पुढच्या डिसेंबरात मला तीन आठवडे रजा हवीय. नाताळ धरून. पैज नको, मी मागतेय.

ग्वेननं चष्मा वर केला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. "पण निवेदिता," ती म्हणाली, "तू तर ख्रिसमस करत नाहीस ना?"

"करते," निवेदिता म्हणाली. "सव्वीसला करते."